घरी रेकॉर्ड केलेलं गाणं: मिक्सिंग, मास्टरिंग आणि आपला सा

सांगली-मिरज भागातल्या भजनी मंडळांकडून, गाणं शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून एक तक्रार मी सतत ऐकतो. समोर बसून ऐकताना गाणं गोड वाटलं होतं, मोबाईलवर लावलं तर नुसते टाळच ऐकू येतात, शब्द कुठे गेले कळत नाही. गाणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, माईकही बहुतेक वेळा बरा असतो. समोर बसलेला माणूस मन लावून ऐकतो. त्याला शब्द हवे असतात, म्हणून टाळांच्या गजरातूनही तो शब्द वेचून घेतो. माईकला असं वेचता येत नाही. त्याच्यापर्यंत जे येईल ते सगळं तो सारख्याच निष्ठेने टिपतो. ते वेचण्याचं काम नंतर कुणीतरी बसून करावं लागतं. ते काम म्हणजे मिक्सिंग.

जरा नीट सांगायचं तर गाणारा, पेटी, तबला, टाळ, तानपुरा असे वेगवेगळे टिपलेले आवाज एकमेकांशी जुळवून त्यांचं एक गाणं करणं म्हणजे मिक्सिंग. मास्टरिंग त्याच्या पुढचं. तयार झालेलं ते एक गाणं बाहेर पाठवण्याजोगं करायचं, म्हणजे मोबाईलवर, गाडीत, मंडपातल्या स्पीकरवर ते धड वाजेल आणि इतर गाण्यांच्या रांगेत फार दबकं किंवा कर्कश वाटणार नाही. मिक्सिंगच्या वेळी हातात अनेक ट्रॅक असतात, मास्टरिंगच्या वेळी एकच. म्हणून तबला जरा मागे हवा होता असं मास्टरिंग करताना वाटलं, तर तिथेच खटपट करत बसू नये. सरळ मिक्सिंगकडे परत जावं.

हे दोन टप्पे पूर्वी वेगळे नव्हते. मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या आजही ऐकायला मिळतात. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा, आणि एकदा कोरला की सारंगी थोडी कमी करा असं म्हणायला वाव नव्हता. सगळा तोल कोण माईकपासून किती अंतरावर बसतो यावरच. पुढे टेप आली, वेगवेगळे ट्रॅक आले आणि मिक्सिंग हे स्वतंत्र काम झालं. टेपवरचं गाणं तबकडीवर उतरवणारा तंत्रज्ञ वेगळा असे. खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, जास्त झाला तर ग्रामोफोनची सुई चरीतून उडायची, म्हणून तो गाणं आवरून-सावरून तबकडीवर घ्यायचा. मास्टरिंगचा उगम तिथला. आता सुई गेली, पण गाणं ऐकणाऱ्याच्या यंत्राला झेपेल असं करून देण्याची जबाबदारी तशीच राहिली.

इंटरनेटवर मिक्सिंगचे धडे भरपूर आहेत आणि त्यातले कितीतरी उत्तम आहेत. अडचण एवढीच, की ते बहुतेक ड्रम, गिटार आणि पॉप गाण्यासाठी बेतलेले असतात. '१०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा' हा सल्ला तिथे चालून जातो. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका लहान तितका आवाज खालचा.) तोच सल्ला आपल्या तानपुऱ्यावर चालवला तर तानपुऱ्याचा पायाच उडतो. माझं म्हणणं असं, की हे आकडे आयते घेऊ नयेत, गाणाऱ्याच्या सा वरून, म्हणजे त्याच्या आधारसुरावरून, काढावेत. ते कसं, याकडे येतो, पण आधी रेकॉर्डिंगबद्दल बोलणं भाग आहे.

मिक्सिंगच्या आधी निम्मं काम होतं

आपल्याकडे घरातली खोली पुष्कळदा दहा बाय दहाची असते आणि छतही दहा फुटांच्या आसपास. आवाजाच्या दृष्टीने यापेक्षा अवघड आकार शोधून सापडायचा नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले, म्हणजे ११३, १६९ हर्ट्झच्या आसपासचे आवाज त्या भिंतींमध्ये अडकून घुमतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्हीकडून तेच सूर घुमतात. डग्ग्याचा एखादा घुमारा किंवा गाण्यातला मंद्रातला एखादा सूर मधेच फुगतो, तो यामुळे.

भिंतींवर गोधड्या टांगतात, ते योग्यच आहे. गोधडी वरचे, तीक्ष्ण आवाज शोषते आणि टाळीसारखा टणटण करणारा प्रतिध्वनी जातो. पण खर्ज तिला आवरत नाही. १०० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे दोन बोटं जाडीचं कापड काहीच नाही. त्यासाठी कोपऱ्यांत गाद्यांच्या जाड गुंडाळ्या उभ्या कराव्यात, कारण खर्ज कोपऱ्यांत साचतो. शिवाय गाणाऱ्याला खोलीच्या बरोबर मध्यावर बसवू नये. दोन-तीन फूट सरकवून बघावं. इतक्यानेही ऐकू येण्याजोगा फरक पडतो आणि खर्च काहीच नाही.

पंखा बंद करा हे सांगायला नको. पण लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी बारीक घरघर अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर ५०, १००, १५० हर्ट्झवर येते. रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा.

माईक तोंडापासून एक वीत ते दीड वीत ठेवा. फार जवळ आणला तर साध्या एकदिशी (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माईकमध्ये खर्ज फुगतो आणि 'प', 'फ', 'भ' च्या वेळी हवेचा झोत थेट आत जातो. अभंगात भक्ती, पंढरी, भीमा, पांडुरंग हे शब्द टाळता येत नाहीत, तेव्हा माईकपुढे जाळीचा पॉप फिल्टर हवाच आणि माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला हवा.

आता टाळांचं. ते मिक्सिंगमध्ये आवरणं फार कठीण, बसवताना आवरणं सोपं. एकदिशी माईकला पाठीमागून येणारा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो. म्हणून टाळकऱ्यांना माईकच्या पाठीशी, म्हणजे गाणाऱ्याच्या समोर आणि शक्य तितकं लांब बसवा. गाणाऱ्याच्या मागे बसवलं तर माईकचं तोंड थेट टाळांकडे होतं. मग शब्द स्पष्ट करायला वरचे आवाज वाढवले की टाळही तेवढेच वाढतात आणि त्यावर नंतर इलाज राहत नाही. संबळ आणि हलगीलाही हाच नियम.

पातळीबद्दल जुना समज असा, की काटा लालच्या अगदी जवळ न्यावा. टेपच्या काळात त्याला कारण होतं, कारण टेपचा स्वतःचा खरखराट असायचा. आज २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना त्याची गरज नाही. बिट जितके जास्त, तितका आवाज बारकाईने टिपला जातो. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल मिळतात. १६ बिटला ९६, तर २४ बिटला १४४ डेसिबल एवढी जागा सैद्धांतिकदृष्ट्या असते. त्यामुळे सर्वात मोठा सूर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकं दबकं रेकॉर्ड करा. शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात. तार सप्तकातला एक सूर क्लिप झाला की तो पुन्हा नीट होत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा तो दर, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरे. व्हिडिओ करायचा असेल तर ४८ घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. मोबाईलमध्ये आणि ऑनलाइन बैठकीच्या ॲपमध्ये गोंगाट आपोआप कमी करणारी सोय असते. ती ओळखते कसं, तर जो आवाज एकसारखा, न थांबता येतो आहे तो गोंगाट, असा तिचा हिशोब. आपला तानपुरा एकसारखा, न थांबता वाजतो. म्हणजे ज्या आवाजावर सगळं गाणं उभं आहे, त्यालाच ती कचरा समजून पुसत सुटते. गाणाऱ्याचे लांब ठेहरावही मधेच विरतात. ही सोय रेकॉर्डिंगपूर्वी शोधून बंद करा.

सा किती हर्ट्झचा?

पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाणात लावलेली असेल, तर काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, मध्य सा जवळजवळ १३८.६ हर्ट्झचा. पुरुषांचा हा नेहमीचा सा. बायकांच्या गाण्यात काळी चार खूप चालते, तिचा सा सुमारे २०७.६ हर्ट्झ. सप्तक वर गेलं की आकडा दुप्पट, खाली आलं की निम्मा. म्हणजे काळी एकच्या तानपुऱ्यात जोडाच्या (मधल्या दोन) तारा १३८.६ ला आणि खर्जाची तार ६९.३ ला. मंद्र पंचम १०४ च्या आसपास.

आता तो १०० हर्ट्झखालचं कापण्याचा सल्ला पाहा. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ सूरच १०० च्या खाली आहे आणि मंद्र पंचम कडेवर आहे. तिथे फिल्टर (ठरावीक आकड्याखालचं कापणारं साधन) लावायचाच तर ५० ते ६० च्या आत ठेवावा. गाणारा काळी एकमध्ये मंद्र पंचमापर्यंतच उतरत असेल, तर त्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झला फिल्टर चालेल. खर्जभरणीपर्यंत जात असेल तर तोही खाली आणावा. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा मंद्र पंचम १५५ च्या आसपास येतो, तिथे १०० ला बिनधास्त कापा. त्याखाली रस्त्यावरच्या गाड्यांच्या घरघरीशिवाय काही नसतं. आकडा एकच, पण एका गाण्यात तो उपकारक आणि दुसऱ्यात घातक. म्हणून आधी सा विचारायचा.

बरीच रेकॉर्डिंगं खटकतात त्याचं कारण सूर नसून सा असतो. पेटी जुनी असली की थोडी उतरलेली असते आणि तानपुऱ्याचं ॲप मात्र काटेकोर ४४० वर. दोघांत जो बारीक फरक राहतो, त्याने सगळ्या गाण्यावर एक अस्वस्थ लहर येत राहते. मिक्सिंगमध्ये ती काढता येत नाही. पेटी हलवता येत नाही, ॲप हलवता येतं. ॲपमध्ये बारीक सूर लावायची सोय असते, ती वापरून तानपुरा पेटीला मिळवून घ्या आणि मगच तबला लावा.

इथे तानपुऱ्यावर थोडं थांबतो, कारण तो समजला की ईक्यू, म्हणजे आवाजातला खालचा-वरचा भाग हवा तसा कमी-जास्त करणारं साधन, काय करतं हे समजतं. कोणतीही तार एकच सूर देत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर तिच्यातून निघतात. आवाजाचा रंग या वरच्या सुरांच्या प्रमाणावरून ठरतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून, तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा ते हेच प्रमाण हाताने ठरवत असतात. तार घोडीच्या उतरत्या पृष्ठभागाला हलकी घासत राहते आणि वरच्या सुरांची झळाळी उठते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या नियमाप्रमाणे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनाचा सूर निघायला नको. तानपुऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, आणि हे श्रेय घोडीचं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही कारागिरी आहे. म्हणूनच तानपुऱ्याच्या ट्रॅकवर ईक्यूची बटणं हातात घेऊन रंग बदलत बसू नये असं मला मनापासून वाटतं. जवारी जुळवणाऱ्याने जे ठरवलं ते आपण दोन क्लिकमध्ये मोडतो. तानपुऱ्याला योग्य पातळी द्यावी आणि सोडून द्यावा.

तबल्याचंही असंच. साध्या चामड्याच्या वाद्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून नुसता ठोका ऐकू येतो, स्वर नाही. शाईच्या थरामुळे ते सूर पटीत येतात आणि तबला सा ला मिळवता येतो. हेही रामन यांनीच १९२० मध्ये दाखवलं. काळी एकला लावलेला तबला २७७ हर्ट्झच्या आसपास बोलतो. डग्ग्याचा जीव बराच खाली, शंभरच्या आसपास आणि त्याखाली. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा आवाज झेपत नाही, म्हणून तिथे डग्गा नाहीसा होतो. अशा वेळी खर्ज वाढवू नका. मोबाईलवर तो तरीही ऐकू येणार नाही आणि मोठ्या स्पीकरवर घर हादरेल. डग्ग्याच्या २०० ते ४०० हर्ट्झमधल्या भागाला हलका उठाव द्या. वरचे सूर ऐकू आले की मूळ सूर कान स्वतः भरून काढतो.

ईक्यूचं बाकी काम म्हणजे जागा करून देणं. पेटी आणि गाणारा दोघेही जवळपास एकाच पट्टीत वावरतात आणि तेच सूर वाजवतात-गातात. तिघांच्या बाकावर पाच जण बसलेल्या एसटीत कुणीतरी अंग चोरून घेतं तेव्हा प्रवास होतो, तसं इथे पेटीने अंग चोरायला हवं. शब्द कळतात ते मुख्यतः २ ते ५ हजार हर्ट्झमधल्या व्यंजनांमुळे, आणि आपला कानही याच भागात सर्वात तीक्ष्ण असतो. पेटीच्या ट्रॅकवर तिथे २-३ डेसिबल कमी करा, गाणाऱ्याच्या ट्रॅकला हातही लावू नका. शब्द पुढे आलेले दिसतील. वाढवण्याआधी दुसऱ्याचं कमी करून बघावं, ही सवय एकदा लागली की गाण्यात मोकळेपणा येतो.

'स', 'श' आणि दंत्य 'च' यांची सुरी फार टोचत असेल, तर डी-एसर नावाचं साधन असतं. ते साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये फक्त तेवढ्या क्षणी आवाज खाली घेतं. जास्त लावलं तर गाणारा बोबडा वाटतो.

कॉम्प्रेसर: किती आणि कुणाला

कॉम्प्रेसर हे मिक्सिंगमधलं सगळ्यात गैरसमज असलेलं साधन. ते करतं एवढंच, की आवाज एका ठरावीक रेषेच्या वर गेला की त्याला थोडं खाली घेतं. समजा रेष उणे २० डेसिबलवर आहे आणि प्रमाण चारास एक. गाणाऱ्याचा एक सूर उणे १२ वर गेला, म्हणजे रेषेच्या ८ डेसिबल वर. बाहेर येताना तो रेषेच्या फक्त २ डेसिबल वर, म्हणजे उणे १८ वर येतो. मोठं लहान झालं, लहान तसंच राहिलं. आता सगळी पातळी वाढवली की लहान आवाजही नीट ऐकू येतात. किती लवकर धरायचं आणि किती लवकर सोडायचं, हे अटॅक आणि रिलीज या दोन खटक्यांवर ठरतं. तबल्यावर अटॅक २०-३० मिलिसेकंद ठेवला तर 'ना' चा टणत्कार निसटून पुढे जातो आणि मग आवाज धरला जातो. अगदी शून्याजवळ ठेवला तर बोल बोथट होतात.

पोवाडा, भजन, भारूड यांत शाहीर किंवा बुवा कधी माईकजवळ येतात, कधी मान वळवून कोरसला खूण करतात. तिथे कॉम्प्रेसर फार उपयोगी, दोन-तीनास एक या प्रमाणात. ख्यालाचं मात्र वेगळं. विलंबितातली आलापी हळूहळू उमलते, सुराचा आकार हाच तिथला मजकूर. कॉम्प्रेसर त्या आकारावर इस्त्री फिरवतो. माझं मत असं, की ख्यालावर कॉम्प्रेसर जवळजवळ लावूच नये. त्याऐवजी व्हॉल्यूमची रेष हाताने काढावी. जिथे शब्द बुडतो तिथे दीड-दोन डेसिबल वर, तार सप्तकाची हाक आली की तेवढंच खाली. वेळ लागतो, पण गाण्याला कळत नाही की कुणी हात लावला.

सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या साधनाबद्दलही हेच. ते जवळच्या बारा स्वरांपैकी एकात सूर नेऊन बसवतं. मींड, आंदोलन, दरबारी रागातला गंधार यांना त्या बारांत जागा नाही. एखादा ठेहराव हलला असेल तर तेवढी ओळ पुन्हा गाऊन घ्यावी.

दोन माईक, एक आवाज

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन माईक आले की एक अदृश्य घोळ सुरू होतो. तबल्याचा आवाज तबल्याच्या माईकमध्ये आधी पोचतो आणि गाणाऱ्याच्या माईकमध्ये किंचित उशिरा. अंतराचा फरक ३४ सेंटिमीटर असेल तर उशीर एक मिलिसेकंदाचा. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की ५००, १५००, २५०० हर्ट्झवर ते एकमेकांना खोडतात आणि तबला पोकळ वाटतो. ईक्यूने हे भरून निघत नाही. दोन माईकमधलं अंतर, प्रत्येक माईक आणि त्याचं वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवावं. नंतर एका ट्रॅकची फेज, म्हणजे लहरीचा चढ-उतार, उलटवायचं बटण दाबून पाहावं. ज्या बाजूला तबला भरीव वाटेल ती बाजू ठेवावी.

यासाठीच मिक्सिंग अधूनमधून मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐकायला हवं. देवळातला कर्णा, गावच्या चौकातला स्पीकर, कितीतरी मोबाईल हे मोनो किंवा जवळजवळ मोनोच असतात. हेडफोनवर डावी-उजवीकडे छान पसरलेली पेटी मोनोत गायब होत असेल, तर गोंधळ फेजचा आहे. गाणारा, तबला-डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज मध्यावर ठेवावा. पेटी थोडी एका बाजूला, टाळ थोडे दुसऱ्या बाजूला. मैफलीत आपण साधारण असंच ऐकतो.

रिव्हर्ब म्हणजे कृत्रिम घुमार. त्याच्या मोहात पडायला होतं, विशेषतः अभंगाला देवळाचा भास द्यायचा असतो तेव्हा. शब्द आणि घुमार यांत २०-४० मिलिसेकंदांची फट ठेवा, म्हणजे व्यंजन आधी ऐकू येतं आणि घुमार मागून येतो. घुमाराच्या वाटेवर २०० हर्ट्झखालचं कापून टाका. द्रुत ताना असतील तर घुमाराची लांबी कमी करा, नाहीतर एक सूर दुसऱ्यावर सांडतो. तानपुऱ्याला रिव्हर्ब नकोच, तो स्वतःच घुमार आहे.

हे सगळं किती मोठ्याने ऐकत करायचं? १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवलं, की कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि फार वरचे आवाज कमी जाणवतात. आवाज वाढवला की तेच मिक्स भरदार वाटतं. त्यामुळे मोठ्याने ऐकत केलेलं काम नेहमी चांगलंच वाटतं, आणि ते फसवं असतं. बोलण्याच्या पातळीएवढा एकच आवाज धरून काम करा, शेवटी एकदा मोठ्याने आणि एकदा अगदी बारीक आवाजात ऐका. बारीक आवाजातही शब्द कळत असतील तर तोल जमला. आपल्यासारखीच वाद्यं असलेलं एखादं नावाजलेलं रेकॉर्डिंग त्याच पातळीवर मधूनमधून लावून पाहिलं की कान जागेवर येतो.

मास्टरिंग: मोठं करण्याची घाई

मास्टरिंग म्हणजे गाणं मोठं करणं, हा समज सीडीच्या काळात पक्का झाला. शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं हवं म्हणून लिमिटर (आवाजाला ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारं साधन) लावून लावून गाण्यांचे सगळे चढउतार सपाट केले गेले. आज त्या चढाओढीला अर्थ उरलेला नाही. कारण ऐकवणाऱ्या सेवा प्रत्येक गाण्याचा जाणवणारा मोठेपणा मोजतात आणि स्वतःच पातळी बदलतात. मोजण्याची ही पद्धत २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवली, तिचं एकक एलयूएफएस. स्पॉटिफाय उणे १४ धरतं, ॲपल म्युझिक उणे १६. यूट्यूबही उणे १४ च्या आसपास आणतं, पण ते मोठं गाणं खाली घेतं, लहान गाणं वर उचलत नाही.

म्हणजे तुम्ही गाणं चिरडून उणे ८ वर नेलंत, तर स्पॉटिफाय ते ६ डेसिबल खाली घेणार. मोठेपणा गेला, चिरडलेपण मात्र राहिलं. शेजारी उणे १४ वर राहिलेलं, तबल्याचे ठोके शाबूत असलेलं गाणं तेवढ्याच पातळीवर जास्त जिवंत वाटणार. भजन, भावगीत, पोवाडा उणे १४ च्या आसपास ठेवा. ख्याल उणे १६, उणे १८ वर राहिला तरी बिघडत नाही, आलाप दबकाच असायला हवा. मोजायला यूलीन नावाचं लाउडनेस मीटर मोफत मिळतं. कामासाठी ऑडॅसिटी मोफत आहे, सरावलात की रीपर घ्या, ते स्वस्तही आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

मास्टरिंगच्या ट्रॅकवर मी फार थोडं करतो. सगळ्या गाण्याचा रंग किंचित गढूळ वाटला तर २५०-३५० हर्ट्झला एक डेसिबल कमी. शेवटी लिमिटर, त्याची कमाल मर्यादा उणे १ डेसिबल ट्रू पीकवर, म्हणजे लहरीच्या खऱ्या शिखरावर. ती शून्यावर नसावी, कारण एमपी३ किंवा एएसी अशी आकसलेली फाइल करताना लहरींची शिखरं थोडी वर सरकतात आणि शून्याला टेकलेलं गाणं फुटतं. लिमिटरचा काटा दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त खाली जात असेल तर मिक्समध्ये एखादा आवाज प्रमाणाबाहेर आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा टाळ किंवा हलगी असते. सीडीसाठी १६ बिट करताना डिथर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक खरखराट) चालू ठेवा, आणि तो अगदी शेवटी, एकदाच.

ऑनलाइन स्वयंचलित मास्टरिंगबद्दल बरेच विचारतात. पॉप गाण्यावर ते ठीक काम करतं. पण तानपुऱ्याचा अखंड स्वर, दहा मिनिटांनी वाढणारी लय यांवर अनेकदा त्याचा अंदाज चुकतो. सुरुवातीचा आलाप ते लहान आहे म्हणून उचलतं आणि द्रुताला पोचताच सगळं दाबतं. गाण्याची चढण अशाने सपाट होते. पैसे द्यायचेच असतील तर आपलं संगीत ऐकणाऱ्या माणसाला द्यावेत, आणि त्याला लिमिटर न लावलेली, शिखरं उणे ६ च्या आसपास असलेली २४ बिटची वेव्ह फाइल पाठवावी. एमपी३ पाठवू नये. त्यातून जे गेलं ते परत आणता येत नाही.

काम झाल्यावर प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वेव्हमध्ये काढून ठेवा, कारण सॉफ्टवेअर बदलतं आणि जुने प्रोजेक्ट उघडत नाहीत. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरात आणि एक दुसरीकडे. फोल्डरच्या नावात गाणाऱ्याचं नाव, तारीख, राग, ताल आणि पट्टी लिहा. कान तयार झाल्यावर वर्षभराने हेच गाणं पुन्हा मिक्स करावंसं वाटेल, तेव्हा हे सगळं लागेल.